लाळेच्या नळीत कुळाचा शोध

मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या लेकीनं वंशशोधाची नळी पुढ्यात ठेवली, तर आधी एवढं वाचाच. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही! नळीतल्या औषधी द्रावणानं नमुना टिकतो. प्रयोगशाळेत नळी ओळखतात ती बारकोडवरून. तिथं पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात, त्याच्या असंख्य प्रती करतात आणि चिपवर सुमारे ६ ते ७ लाख ठिकाणं तपासतात. सगळा डीएनए काही वाचत नाहीत. निकालात कधी घरात कुणी न सांगितलेलं नातंही निघतं. शिवाय २०२३ साली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’कडची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. म्हणून नळी भरण्याआधी घरच्यांशी बोला. लाळ आपली एकटीची असली, तरी गुपित साऱ्या घराचं असतं!