बोचीला परत आणा की नवा गडी घ्या? सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅन्सचा वाद नेमका काय होता

२९ सप्टेंबर २०२५. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा नियमित हंगाम संपून एकच दिवस झाला होता. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या टीमने त्याच दिवशी आपला मॅनेजर बॉब मेल्विनला घरचा रस्ता दाखवला. गंमत म्हणजे १ जुलैला याच टीमने २०२६ साठी त्याचा करार पक्का केला होता. म्हणजे 'आम्हाला तुम्हीच हवे' ते 'आता या' हा प्रवास तीन महिन्यांत झाला.

पुढचे तीन आठवडे जायंट्सच्या फॅन्समध्ये एकच विषय होता. पुढचा मॅनेजर कोण? तुमचा चुलत भाऊ किंवा शाळेतला मित्र फ्रीमॉन्ट नाहीतर सॅन होजेला राहत असेल, तर त्याच्या ऑफिसात हा वाद नक्की रंगला असणार.

२२ ऑक्टोबरला उत्तर आलं, टोनी विटेलो. आणि वाद संपायच्या ऐवजी डबल झाला. कारण हा माणूस कॉलेजच्या टीमचा कोच होता. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो ना कधी खेळला होता, ना त्याने कधी कोचिंग केलं होतं.

आता आपल्याला बेसबॉलचं काय, असं वाटू शकतं. पण टीम हरली की कोच बदला, हे आपणही दर सिझनला म्हणतो. कोच बदलल्याने खरंच काय बदलतं, हे बघायला जायंट्ससारखं दुसरं उदाहरण मिळणं कठीण आहे.

आधी हे बघू, मॅनेजर म्हणजे कोण?

क्रिकेटमध्ये टीमचा मॅनेजर म्हटलं की बस, हॉटेल, तिकिटं, सरावाच्या वेळा बघणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बेसबॉलचा मॅनेजर तसा नसतो. तो हेड कोच आणि अर्धा कॅप्टन, दोन्ही असतो.

बॅटिंगचा क्रम तो ठरवतो. पिचर कधी बदलायचा, हे तो ठरवतो. रोहित शर्माने बॉलिंग बदलायचे निर्णय सीमारेषेबाहेर बसलेल्या कोचवर सोडले असते, तर कसं झालं असतं? तसं. म्हणूनच हा माणूस खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये उभा असतो.

आणि सामने किती? नियमित हंगामात १६२. साधारण सहा महिने जवळपास रोज मॅच. म्हणजे फॅन्सना शिव्या घालायलाही रोज एक नवं कारण.

मग फॅन्समध्ये गट कोणते होते?

पहिला गट, 'बोचीला परत आणा'. ब्रूस बोची २००७ ते २०१९ जायंट्सचा मॅनेजर होता. त्याने २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. नंतर टेक्सास रेंजर्सला जाऊन तिथेही २०२३ मध्ये जिंकला. २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची आणि रेंजर्सची वाट वेगळी झाली. म्हणजे नेमका योग जुळून आला होता.

दुसरा गट, 'घरचा माणूस हवा'. टीमच्या बेसबॉल विभागाचा प्रमुख आहे बस्टर पोझी. बोचीच्या तिन्ही विजेत्या टीमचा तो कॅचर होता. त्याच्यासोबत खेळलेला निक हंडली या चर्चेत पुढे होता.

तिसरा गट, 'अनुभवी पण तरुण'. त्यांच्या यादीत स्किप शूमाकर होता. २०२३ मध्ये मायामीला असताना त्याला नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर निवडलं होतं. पण त्याला रेंजर्सनेच उचललं, तेही बोचीच्याच जागी.

आणि चौथा गट म्हणत होता, 'काहीतरी वेगळं करा, हेच हेच किती वर्षं?' विटेलोच्या निवडीने हा गट खूश झाला. बाकीचे तिघे डोक्याला हात लावून बसले.

पण ही वेळ आली का?

यासाठी चार आकडे लक्षात ठेवा. ८१, ७९, ८०, ८१.

२०२२ ते २०२५ या चार हंगामांत जायंट्सने जिंकलेल्या सामन्यांची ही संख्या आहे. १६२ पैकी जवळपास बरोबर निम्मे. यातली पहिली दोन वर्षं गेब कॅपलर मॅनेजर होता. पुढची दोन वर्षं मेल्विन.

या दोघांत साम्य फार कमी. कॅपलर डेटावाला. त्याची २०१९ ची नेमणूकच अनेक फॅन्सना पटली नव्हती. मेल्विन जुन्या वळणाचा, याच बे एरियात वाढलेला, त्याआधी तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर ठरलेला. २०२३ च्या शेवटी तो आला तेव्हा 'आता कसं, आपला माणूस आला' असं वातावरण होतं.

डेटावाला गेला, अनुभवी आला. निकाल? ७९ वरून ८० आणि ८१. माणूस बदलला, आकडा तिथेच राहिला.

आणखी एक गोष्ट. हाच कॅपलर २०२१ मध्ये जायंट्सचा मॅनेजर होता, तेव्हा टीमने १०७ सामने जिंकले होते. जायंट्सच्या इतिहासातला तो विक्रम आहे. त्याला वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरवलं गेलं. दोन वर्षांनी त्यालाच काढलं. तो दोन वर्षांत खेळ विसरला का? तर नाही. पोझी २०२१ च्या हंगामानंतर निवृत्त झाला, इतर जुने खेळाडू थकले आणि त्यांच्या तोडीचे नवे आले नाहीत.

मग बोची आला असता तर?

बोचीचा मान मोठा आहे आणि तो त्याने कमावलाय. पण आठवणी निवडक असतात. २०१७ मध्ये याच बोचीच्या जायंट्सने १६२ पैकी ९८ सामने गमावले होते. पुढची दोन वर्षंही टीम निम्म्याच्या खालीच राहिली. रेंजर्सकडे २०२३ मध्ये तो जिंकला, २०२४ मध्ये ७८ विजयांवर थांबला आणि २०२५ मध्ये ८१ वर. हो, मेल्विनला ज्या ८१ वर काढलं, तोच आकडा.

याचा अर्थ बोची वाईट मॅनेजर आहे, असा नाही. चांगल्या टीमला तो विजेतेपदापर्यंत नेऊ शकतो, हे त्याने चार वेळा दाखवलंय. पण साधारण टीमची चांगली टीम तो एकटा करू शकत नाही. ते कुणालाच जमत नाही.

फॅन्सना दिसतं काय आणि काम असतं काय?

२०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेज १-० ने पुढे. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल तुफान फॉर्मात, ९ जण बाद केलेले, फक्त ७३ बॉल टाकलेले. तरी मॅनेजर केविन कॅशने त्याला बाहेर काढलं. कारण तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला जास्त चांगलं खेळतात, असं आकडे सांगतात. नवा पिचर आला, लॉस एंजेलिस डॉजर्सने आघाडी घेतली आणि ३-१ ने जिंकून विजेतेपद नेलं.

कॅशवर आजही लोक खवळतात. पण त्याच पद्धतीने निर्णय घेत रेज तिथपर्यंत पोहोचले होते, आणि त्याच वर्षी कॅश अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला होता.

पिचर बदलला आणि काम झालं, तर कुणी मॅनेजरचं नाव घेत नाही. फसलं, तर वर्षानुवर्षं तोच प्रसंग उगाळला जातो. शिवाय आता असे बरेच निर्णय आधीच आकडेवारी तपासून, मॅनेजमेंटशी बोलून ठरलेले असतात. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी बॅटिंगला वेगळा खेळाडू येतो, त्यामुळे मॅनेजरच्या डावपेचांची एक मोठी जागाच गेली.

मग उरतं काय? सहा महिने २६ खेळाडूंची मोट बांधणं. सलग सात मॅच हरल्यावर ड्रेसिंग रूम शांत ठेवणं. स्टार खेळाडूला आज बस असं सांगणं. नव्या पोराला चार अपयशानंतर पाचवी संधी देणं. यातलं काहीच टीव्हीवर दिसत नाही. म्हणून मॅनेजर कसा आहे, हे बाहेरून ओळखणं इतकं अवघड.

मिलवॉकीची गोष्ट

नोव्हेंबर २०२३ मध्ये बेसबॉलमधला सगळ्यात मागणी असलेला मॅनेजर होता क्रेग काउन्सेल. तो मिलवॉकी ब्रुअर्सचा, त्याच भागात लहानाचा मोठा झालेला. त्याला शिकागो कब्सने ५ वर्षांसाठी ४ कोटी डॉलरहून जास्त देऊन नेलं. मॅनेजरसाठी तो विक्रमी करार होता. त्यासाठी कब्सने पदावर असलेल्या डेव्हिड रॉसला काढलं. मिलवॉकीच्या फॅन्सच्या लेखी ही सरळ गद्दारी होती.

ब्रुअर्सने मग काय केलं? काउन्सेलच्या हाताखालचा पॅट मर्फी याला बढती दिली. मर्फी हा मूळचा कॉलेज कोच. खुद्द काउन्सेल कॉलेजात त्याच्याकडे शिकलेला. फॅन्सच्या यादीत तो कुणाचाच पहिला नंबर नव्हता.

पुढे झालं असं की काउन्सेलच्या पहिल्या वर्षी कब्सने ८३ सामने जिंकले. आदल्या वर्षी रॉसनेही ८३ च जिंकले होते. ब्रुअर्सने काउन्सेलच्या शेवटच्या वर्षी ९२ जिंकले होते, मर्फीसोबत ९३ आणि मग ९७. मर्फी सलग दोन वर्षं नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. २०२५ मध्ये कब्सही ९२ पर्यंत आले, पण प्लेऑफमध्ये त्यांना हरवलं कुणी? ब्रुअर्सनेच, ३-२ ने.

मिलवॉकीची ताकद एका माणसात नव्हती. तरुण खेळाडू शोधायची आणि घडवायची पद्धत त्यांच्याकडे होती. माणूस गेला, पद्धत राहिली.

आपल्याकडचं उदाहरण

मुंबईचे चंद्रकांत पंडित. कोच म्हणून त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तिन्ही टीमना रणजी ट्रॉफी जिंकून दिली. मग २०२३ च्या सिझनला ते कोलकाता नाइट रायडर्सचे हेड कोच झाले. देशांतर्गत क्रिकेटमधला शिस्तीचा कोच परदेशी स्टार खेळाडूंना कसा हाताळणार, ही शंका तेव्हाही होतीच.

तीन सिझनचा निकाल काय? सातवा क्रमांक, विजेतेपद, आठवा क्रमांक. जिंकले त्या वर्षी मेंटॉर म्हणून गौतम गंभीर आला होता आणि बरंचसं श्रेय त्याच्या खात्यात गेलं. जुलै २०२५ मध्ये पंडित बाहेर पडले. कोच तोच, पण टीम एकदा वर, एकदा खाली. मग श्रेय कुणाचं आणि दोष कुणाचा? ज्याला जे सोयीचं, ते तो म्हणतो.

विटेलोचं काय होऊ शकतं?

नेमणुकीच्या वेळी ४७ वर्षांच्या असलेल्या विटेलोने टेनेसी विद्यापीठाच्या टीमला २०२४ मध्ये त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तरुण खेळाडू घडवणं हा त्याचा हातखंडा. त्याच्याकडे शिकलेला ड्र्यू गिल्बर्ट त्याच्या नेमणुकीआधीच जायंट्समध्ये होता.

धोकाही उघड आहे. कॉलेजमध्ये कोच हाच राजा असतो. खेळाडू निवडतो तोच, खेळवतो तोच. इथे खेळाडू आणणार पोझी, आणि त्यातल्या काहींचा पगार मॅनेजरच्या कितीतरी पट. कॉलेजच्या नियमित हंगामात ५०-६० मॅच असतात, इथे १६२. तिथे प्रत्येक मॅचला पेटून उठता येतं, इथे तसं केलं तर जूनपर्यंत सगळे दमतील.

इतर खेळांत हा प्रयोग दोन्ही बाजूंनी गेलाय. बास्केटबॉलमध्ये ब्रॅड स्टीव्हन्स २०१३ मध्ये कॉलेजमधून थेट बॉस्टन सेल्टिक्समध्ये आला आणि टिकला. अमेरिकन फुटबॉलमध्ये अर्बन मायरला २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलने १३ सामन्यांत काढलं. आणि मर्फीचं उदाहरण देताना एक फरक विसरू नका. ब्रुअर्सचा मॅनेजर होण्याआधी त्याने व्यावसायिक बेसबॉलमध्ये बरीच वर्षं काढली होती.

जायंट्सलाही हे कळतं. म्हणूनच बोचीला सल्लागार म्हणून परत आणलंय, आणि ज्येष्ठ रॉन वॉशिंग्टन कोचिंग स्टाफमध्ये आलाय. म्हणजे 'बोचीला परत आणा' म्हणणाऱ्यांचंही थोडं ऐकलं गेलं.

मग भांडायचं कशावर?

फॅन्सनी भांडूच नये, असं कुणी म्हणणार नाही. तिकीट ते काढतात, जर्सी ते घेतात. पण 'पुढचा कोण' याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत.

एक, टीममध्ये कमी काय आहे? जायंट्सने विली अडामेसला १८.२ कोटी आणि मॅट चॅपमनला १५.१ कोटी डॉलरचे करार दिले, जून २०२५ मध्ये रफाएल डेव्हर्सलाही आणलं. तरी ८१. त्यांच्याच गटात सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकणारे डॉजर्स बसलेत. हा प्रश्न मॅनेजरच्या खुर्चीपेक्षा मोठा आहे.

दोन, निर्णय खरं तर कोण घेतं? मेल्विन गेला, पण खेळाडू निवडणारे लोक तेच आहेत. विटेलो पोझीची निवड आहे. ती फसली, तर हिशेब पोझीलाही द्यावा लागेल.

तीन, वेळ किती देणार? १ जुलैला करार पक्का करून सप्टेंबरमध्ये काढणारी टीम नव्या माणसाला 'निवांत घे' म्हणते, तेव्हा त्याने ते किती मनावर घ्यायचं?

२०२६ चा हंगाम मार्चअखेर सुरू होणार असं ठरलं होतं. जायंट्सच्या फॅन्सनी विटेलोच्या प्रत्येक पिचर बदलावर वाद घालावा, मजा त्यातच आहे. पण सप्टेंबरमध्ये पुन्हा ८० च्या आसपास आकडा दिसला, तर 'पुढचा मॅनेजर कोण' हा प्रश्न विचारण्याआधी एकदा मॅनेजर निवडणाऱ्यांकडे बघायला हवं.