विश्लेषण : एक टिकली कलेच्या इतिहासाला काय विचारते?

किराणा दुकानातही मिळणारी आणि रात्री आरशाच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवली जाणारी टिकली. चित्रकार भारती खेर यांनी गेली सुमारे तीन दशके ही वस्तू रंगाच्या जागी वापरली आहे. हा केवळ सजावटीचा हट्ट नाही. बायकांच्या हाताखालच्या वस्तूंना ‘कला’ म्हणायचे की नाही, हे आजवर कोणी ठरवले, असा प्रश्न या टिकल्या विचारतात.

भारती खेर कोण आहेत?

खेर यांचा जन्म १९६९ मध्ये लंडनमधील भारतीय कुटुंबात झाला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९९३ मध्ये त्या भारतात आल्या. पुढे दिल्ली परिसर हीच त्यांची कर्मभूमी झाली. चित्रांबरोबर शिल्पेही त्या करतात. मात्र त्यांच्या कामाचा कणा घरातल्या, बाजारातल्या वस्तू हाच राहिला आहे. टिकल्या, साड्या, आरसे, बांगड्या आणि जुन्या मातीच्या बाहुल्या त्यात वारंवार दिसतात.

टिकलीच का?

नव्वदच्या दशकात दिल्लीच्या बाजारात खेर यांना एका स्त्रीच्या कपाळावर नागमोडी टिकली दिसली. शुक्राणूसारखा तिचा आकार होता. बाईच्या कपाळावर, सौभाग्याच्या जागी, पुरुषबीजाचे चिन्ह हा विरोधाभास त्यांनी पकडला. २००६ मधील ‘द स्किन स्पीक्स अ लँग्वेज नॉट इट्स ओन’ या शिल्पात जमिनीवर कोसळलेली फायबरग्लासची पूर्णाकृती हत्तीण आहे आणि तिच्या संपूर्ण अंगावर अशा पांढऱ्या टिकल्यांची दुसरी कातडी आहे. ती झोपली आहे की मरते आहे, हे कळत नाही. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात या कामाला जवळपास १० लाख पौंडांची बोली लागली. त्याच वर्षी त्यांनी ‘व्हायरस’ ही मालिका सुरू केली. हजारो टिकल्यांचे एक मोठे वर्तुळ, दरवर्षी एक, असे सलग तीस वर्षे चालणारे हे काम आहे. रोज सकाळी टिकली लावण्याच्या सवयीत जे सातत्य असते, तेच इथे कामाची पद्धत बनते.

कलेच्या इतिहासाशी संबंध काय?

१९१७ मध्ये मार्सेल द्युशां यांनी पुरुषांच्या मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून पुढे केले. आज कोणत्याही कला महाविद्यालयात तो आधुनिक कलेचा टप्पा म्हणून शिकवला जातो. पण गोधडी, भरतकाम, रांगोळी मात्र ‘हस्तकला’ किंवा ‘छंद’ या खात्यात राहिली. वस्तू रोजच्या वापरातली आहे, ही अडचण कधीच नव्हती. ती कोणाच्या वापरातली आहे, यावर प्रतवारी ठरत गेली.

ही प्रतवारी आपोआप झालेली नाही. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्ती होत्या. काही वर्षांनी योहान झोफनी यांनी अकादमीच्या सदस्यांचे समूहचित्र काढले. त्यात सारे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. या दोघी फक्त भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत. कारण नग्न पुरुष मॉडेल असलेल्या खोलीत स्त्रियांना प्रवेश नव्हता. आणि मानवी देहाचा अभ्यास केल्याशिवाय त्या काळी ‘थोर’ समजली जाणारी ऐतिहासिक चित्रे काढता येत नसत. अमेरिकी कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मधील गाजलेल्या निबंधात नेमके हेच दाखवले : थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, याचे उत्तर प्रतिभेत नव्हे, संस्थांच्या बंद दारांत आहे.

‘सिक्स विमेन’मध्ये वेगळे काय?

बाईला चित्रकार म्हणून खोलीत प्रवेश नव्हता. मॉडेल म्हणून मात्र पुढे तिचीच सर्वाधिक मागणी राहिली. तरुण, निवांत पहुडलेली, पाहणाऱ्यासाठी मांडलेली नग्न स्त्री हा पाश्चात्त्य चित्रकलेचा शतकांचा आवडता विषय. खेर यांच्या ‘सिक्स विमेन’ या कामात कोलकात्यातील सहा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरांचे प्लास्टरमधील साचे आहेत. या स्त्रियांना त्यासाठी मोबदला दिला गेला. त्या बसलेल्या आहेत, थकलेल्या आहेत, कोणाला भुरळ घालत नाहीत. ज्या देहाचा बाजार आहे, तोच देह इथे पाहणाऱ्याला अवघडून टाकतो.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप असा की, टिकली आणि साडी ही परदेशी गॅलरीत सहज विकली जाणारी ‘भारतीयता’ आहे. हा आक्षेप पूर्ण फेटाळता येत नाही. बाजाराला ओळखीची खूण आवडतेच. पण खेर टिकलीला देखणी करून थांबत नाहीत, तिच्यातला लैंगिक अर्थ उघड करतात. दुसरा आक्षेप श्रमांचा. इतक्या टिकल्या एका हाताने चिकटवता येत नाहीत. स्टुडिओत सहायक असतात आणि नाव एकाच व्यक्तीचे होते. रूबेन्सच्या कार्यशाळेतही हेच होत होते, हे खरे. मात्र दुर्लक्षित हातांविषयी बोलणाऱ्या कलेकडून त्या हातांची नावे नोंदवण्याची अपेक्षा जास्त ठेवायला हवी.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रालयाबाहेर एका महिला पत्रकाराला कपाळावर टिकली नाही म्हणून उत्तर नाकारले गेले. एकीने ती लावायची नाही, दुसरीने ती लावायलाच हवी. दोन्ही हुकूम दुसऱ्या कोणाचे.

म्हणूनच खेर यांचे काम केवळ दालनात पाहून सोडून देण्याचे नाही. टिकली मुक्तीची की बेडीची, याचा निकाल त्या देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तो निकाल जिचे कपाळ तिने द्यायचा आहे. कलासंस्थांवर मात्र एक जबाबदारी येते. गोधडी शिवणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या हातांची कामे ‘अनामिक हस्तकला’ या पाटीखाली ठेवण्याआधी, ते नाव खरोखर हरवले होते की कोणी विचारलेच नव्हते, एवढे तरी त्यांनी तपासावे.