तोंडी लावणं कुणाच्या ताटात?

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत बैठकीला गेले, की बायका आग्रहाने तोंडी लावणं वाढतात. जवसाची चटणी, आंबाडीच्या फुलांची चटणी, शिळ्या भाकरीचा लसूण-मिरचीची फोडणी दिलेला कुस्करा. "बाईच्या हाताला चव आहे," असं कौतुक होतं. मीही ते केलं आहे. पण ही कल्पकता येते वरण पुरत नाही तिथून. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई ठेचा रगडते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी जेवते. तेव्हा भाजी संपलेली असते, उरतो तो ठेचाच. २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पाककृतींबरोबर हेही विचारू या: तुम्ही कधी जेवता, आणि काय उरलेलं असतं?