इशारा दिला, तो पोचला काय?

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद पुणेकरांच्या तीन पिढ्यांनी तरी केला असेल. विनोद म्हणून तो निरुपद्रवी आहे. पण ज्या रात्री इशारा खरा ठरतो आणि तो ऐकूनही ओढ्याकाठचे कुटुंब घरातच झोपलेले असते, त्या रात्री हाच विनोद महाग पडतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला लोंढा हे शहर अजून विसरलेले नाही. त्या पावसात शहर व परिसरातील वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. पावसाळा पुन्हा तोंडावर येत असता, इशारा आणि नागरिक यांमध्ये जे अंतर उरले आहे, ते कोणी व कसे भरून काढावे, हा प्रश्न आम्हांस अत्यंत निकडीचा वाटतो.

या प्रश्नाची चर्चा करण्याचा पुण्यास विशेष अधिकार आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून येथे आले. शिवाजीनगरची ती घड्याळाची दगडी इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते. शेतीच्या हवामानाचा पद्धतशीर अभ्यास डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये याच शहरात सुरू केला. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले. विद्या मात्र येथेच राहिली. पण तिच्या दारावरून रोज बसने जाणाऱ्या किती पुणेकरांना आत काय चालते हे ठाऊक आहे?

वेधशाळेच्या ज्ञानात गेल्या काही वर्षांत मोठी भर पडली आहे, हे निःसंशय. उपग्रह, रडार व संगणक यांच्या साह्याने चक्रीवादळाचा मार्ग आता काही दिवस आधी वर्तविता येतो. अडचण निराळीच आहे. शास्त्रज्ञाची भाषा आणि नागरिकाची भाषा एक नाही. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस’ हे नित्याचे वाक्यच पाहा. सामान्य माणूस ‘तुरळक’ हा शब्द ऐकतो आणि चार थेंब पडतील असे समजून निश्चिंत होतो. खात्याच्या परिभाषेत मात्र तो शब्द पावसाच्या जोराविषयी नसून जागेविषयी आहे. त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ज्या थोड्या ठिकाणी तो होईल, तेथे तो हाहाकार करू शकेल. म्हणजे जो शब्द सावध करण्यासाठी योजला, तोच नेमका बेसावध करतो!

रंगांचीही तीच कथा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग पाऊस किती मिलिमीटर पडेल एवढ्यावरच ठरत नाहीत. त्याची शक्यता आणि त्याचे संभाव्य परिणाम यांचाही विचार त्यांत असतो. पण लोकांच्या लेखी लाल रंगाचा अर्थ शाळेस सुटी एवढाच उरला आहे. सुटी मिळाली आणि ऊन पडले, की वेधशाळा फसली असा निकाल लागतो. पाऊस एका पेठेत कोसळावा आणि दुसरीत रस्ताही भिजू नये, हे निसर्गास नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्यास जेमतेम ७३. हे एकदा समजले की अंदाज आणि भविष्यकथन यांतील भेद मनावर ठसतो.

हे समजावून सांगणे कोणाचे काम? आमच्या मते, ते प्रथम वेधशाळेचेच आहे. २३ मार्चला, जागतिक हवामानदिनी, वेधशाळांची दारे नागरिकांसाठी उघडण्याचा प्रघात आहे, आणि तो स्तुत्यही आहे. परंतु वर्षातून एक दिवस लोकांनी वेधशाळेत यावे, एवढ्याने भागणार नाही. उरलेल्या दिवसांत वेधशाळेने लोकांत गेले पाहिजे. मृग नक्षत्रापूर्वी नदी व ओढ्यांकाठच्या प्रत्येक वस्तीत एक सभा व्हावी. तीत वेधशाळेचा एक अधिकारी, महापालिकेचा एक आणि पाटबंधारे खात्याचा एक असे तिघे एकत्र बसावेत. कारण खडकवासल्यातून सोडलेले पाणी आणि आकाशातून पडलेले पाणी असा भेद पूर करीत नाही. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक असावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने मोजले, त्याला इशाऱ्याचा आकडा पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

या कामास माणसे कोठून आणावीत, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. अंदाज वर्तविणाऱ्यांनी आपले काम सोडून व्याख्याने देत फिरावे असे कोणीच म्हणणार नाही. पण शहरात विज्ञानाचे शिक्षक आहेत, निवृत्त हवामानशास्त्रज्ञ आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. त्यांना शिकवून तयार करणे एवढेच खात्याने करावे. ओडिशाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार लोक मरण पावले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. हा केवळ उपग्रहांचा विजय नव्हे. गावोगावचे स्वयंसेवक, निवारे आणि पुन्हापुन्हा केलेली तालीम यांचाही तो विजय आहे.

आणखी एक अपेक्षा. अंदाज चुकला तर तो का चुकला, हे वेधशाळेने दुसऱ्याच दिवशी सोप्या मराठीत सांगावे. चूक कबूल केल्याने विश्वास घटत नाही, मौनाने घटतो. नागरिकांचेही कर्तव्य आहेच. विजेने या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात; त्या विजेची पूर्वसूचना देणारी ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सोय याच पुण्यातील संस्थेने सिद्ध केली आहे. ती हाती असून झाडाखाली आसरा घेणाऱ्यास कोणते शास्त्र वाचविणार?

इशारा कार्यालयातून बाहेर पडला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानण्याचे दिवस गेले. ओढ्याकाठच्या शेवटच्या घरातील बाईने तो ऐकून, मुलांना उठवून, वेळेवर उंबरठा ओलांडला, तरच तो पोचला असे म्हणता येईल. या पावसाळ्यात वेधशाळेच्या यशाची तीच मोजपट्टी असावी.