बिरूद कारखान्याचे, वर्गीकरण इतिहासाचे

‘डबल ॲक्शन’ म्हणजे दोनदा झाडणारे पिस्तूल नव्हे. पाहायचे एवढेच की चाप कोणते काम करतो. १९११ च्या कोल्टमध्ये तो आधीच चढवलेला घोडा केवळ सोडतो. म्हणून ते सिंगल ॲक्शन. १९२९ च्या वाल्थर पीपीमध्ये पहिल्या बारास चापच घोडा चढवतो आणि सोडतो. त्यानंतर मात्र मागे सरकणारी स्लाइड तो चढवून ठेवते. एकाच पिस्तुलात दोन्ही क्रिया, तरी नोंदीत सरसकट ‘डबल’! ग्लॉकचे ‘सेफ ॲक्शन’ तर निव्वळ व्यापारी नाव; तिथे घोडाच नाही, अर्धवट ताणलेला स्ट्रायकर चाप पूर्ण ताणून सोडतो. जाहिरातीतले बिरूद वर्ग म्हणून नोंदवणे हे इतिहासलेखन नव्हे, कारखान्याची भाटगिरी आहे.