लॉगबुकाला पोहता येत नाही

मालदीवच्या सफारी बोटीवर जाण्याइतकी आपली तयारी झाली आहे का, हे ठरवण्याची हौशी डायव्हरांची एक सोपी रीत आहे. अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड आहे? आहे. लॉगबुकात पन्नासेक डाइव्ह आहेत? आहेत. मग भरा पैसे. बोटवाल्यांच्या अटीही बहुतेक याच असतात, त्यामुळे त्या पुऱ्या झाल्या की लायकी सिद्ध झाली असे धरून चालतात. माझ्या मते या अटी बोटीवर चढण्यापुरत्या आहेत. पाण्यात उतरण्याची पात्रता त्यांतून कळत नाही.

आधी कार्डाचे पाहू. पॅडी या डायव्हिंग-प्रशिक्षण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमात पाच डाइव्ह असतात. खोल पाण्याची आणि दिशा शोधण्याची अशा दोन सक्तीच्या, बाकीच्या तीन आपल्या आवडीच्या. ओपन वॉटरचे, म्हणजे प्राथमिक, कार्ड हाती पडले की लगेच तो सुरू करता येतो. म्हणजे ओपन वॉटरच्या चार धरून अवघ्या नऊ डाइव्ह झालेला माणूस कागदोपत्री ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ होतो आणि ३० मीटरपर्यंत जायला मोकळा! यात अभ्यासक्रमाचा दोष नाही. इन्स्ट्रक्टरच्या नजरेखाली नव्या गोष्टींची तोंडओळख करून देणे, एवढेच त्याचे काम. त्या तोंडओळखीला प्रावीण्य समजतो ते आपण.

आकड्याची बाजू जरा बळकट आहे. पन्नास वेळा खाली जाऊन आलेला माणूस पाच वेळा गेलेल्यापेक्षा शांत असतो, हे मान्य. पण त्या पन्नास कुठल्या आणि कधीच्या? गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला दोरी धरून खाली जायचे, गाइडच्या मागे फेरी मारायची, त्याच दोरीने वर यायचे; हे पन्नास वेळा केले तर एकच डाइव्ह पन्नास वेळा झाली. शेवटची तीन वर्षांपूर्वीची असेल तर तेवढेही म्हणता येत नाही.

मालदीवच्या खाडीमुखांत, तिथे ज्यांना ‘कंडू’ म्हणतात त्यांत, मामला वेगळा असतो. महासागराचे पाणी प्रवाळकड्यांमधल्या अरुंद वाटेने आत घुसते. शार्क पाहायचे तर त्या तोंडाशीच, २५-३० मीटरवर, ओढीत टिकून राहावे लागते. धोनीवरून, म्हणजे तिथल्या स्थानिक बोटीवरून, उडी मारल्यावर पृष्ठभागावर तरंगत बसलात की ओढ तुम्हाला जागेवरून पुढे घेऊन गेलीच. म्हणून जॅकेटातली हवा आधीच काढून सरळ खाली जायचे. कानात दडा बसला, मास्कमध्ये पाणी शिरले, तरी निस्तरायला धरण्यासारखी दोरी नसते. परतताना खाली तळ दिसत नाही, बाजूला कडाही नाही, नुसते निळे पाणी.

आता हवेचा हिशेब. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात २४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले की उरली १८००. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस ३० मीटरवर, चौपट दाबाखाली, ८० लिटर ओढतो. साडेबावीस मिनिटे झाली. ओढीविरुद्ध पाय मारताना किंवा नुसत्या भीतीने तोच दर दीडपट झाला की उरतात १५, आणि वर येण्याचा वेळही त्यातच. हा दर लॉगबुकातल्या एकूण आकड्यात दिसत नाही. आपला दर किती, हे विचारल्यावर गोंधळणारे ‘अनुभवी’ डायव्हर मी बरेच पाहिले आहेत.

‘गाइड असतोच की!’ असतो. पण त्याच्यामागे सहा-आठ जण असतात, आणि जोरदार ओढीत मागे राहिलेल्याकडे तोही उलटा पोहून येऊ शकत नाही. गाइड वाट दाखवतो. तुमचा श्वास तुम्हालाच सांभाळायचा असतो.

‘ओढीत गेल्याशिवाय ओढ कशी कळणार?’ हा खरा तगडा सवाल. उत्तर एवढेच की शिकायचे ते जिथे चूक स्वस्तात पडते तिथे. मालदीवातच अटोलच्या आतल्या बाजूला सौम्य प्रवाहाच्या जागा भरपूर आहेत. पहिली सहल तशी निवडावी.

मग तयारी मोजायची कशाने? निळ्या पाण्यात, धरायला काही नसताना, पाच मीटरवर तीन मिनिटे हात न हलवता स्थिर राहता येते का? त्याच वेळी मार्कर बॉय (आपली जागा दाखवणारा फुगा) वर सोडताना स्वतः वर खेचले जात नाही ना? मास्क पूर्ण भरला तरी श्वासाची लय राहते का? हे सगळे गेल्या काही महिन्यांत केले आहे का? चाळिशी उलटली असेल तर हृदय तपासून घेतले का? मेडिकल फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकणे म्हणजे तपासणी नव्हे. आणि हे पाहणारा इन्स्ट्रक्टर असा हवा, ज्याला तुमच्या सहलीतून कमिशन मिळत नाही.

सगळ्यात वरची कसोटी मी नकाराची मानतो. कोणताही डायव्हर कोणतीही डाइव्ह, कारण न देता, रद्द करू शकतो, हा या खेळातला मान्य संकेत आहे. पण लाखभर रुपये मोजलेले, सगळे सूट चढवून उभे, अशा वेळी ‘मी नाही उतरत’ म्हणायला जीभ रेटत नाही. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याची तयारी झालेली नाही, मग लॉगबुकात दोनशे का असेनात.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी बोटवाल्याला दोन प्रश्न विचाराच. पहिल्या दिवशी सोप्या जागी चेक डाइव्ह घेता का? आणि तीत कच्चा ठरलेल्याला पुढच्या खाडीमुखात उतरू देता की बसवून ठेवता? ‘आम्ही कुणालाच बसवत नाही’ असे अभिमानाने सांगितले गेले, तर दुसरी बोट शोधा.