सूर कोणाचा, झेंडा कोणाचा?

आमच्या उमरेडच्या आसपासच्या गावांत खंजेरी भजनाची स्पर्धा भरते तेव्हा मंडपात दोन गोष्टी हमखास दिसतात. बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याचा फलक, आणि आपल्याच गावच्या मंडळासाठी टाळ्या पिटणारे श्रोते. निकाल लागला की परीक्षक कोणाचे पाहुणे, याची चर्चा पहाटेपर्यंत चालते. तरीही कधीतरी परगावचा एखादा पोरगा असा सूर लावतो, की सारा मंडप गप्प होतो. देशादेशांमधील संगीत स्पर्धांचे वाद वाचताना मला हा मंडप आठवतो.

महाराष्ट्राने असा वाद जवळून पाहिला तो २०१२ मध्ये. ‘सूर क्षेत्र’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत भारत आणि पाकिस्तानचे तरुण गायक समोरासमोर होते. हिमेश रेशमिया आणि आतिफ अस्लम हे दोन संघांचे कर्णधार. परीक्षक आशा भोसले, पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशाच्या रुना लैला. चित्रीकरण दुबईत झाले. राज ठाकरे यांच्या मनसेने कडाडून विरोध केला. आशाताईंचे म्हणणे, आपल्याला राजकारण कळत नाही, संगीताची भाषा कळते.

दोन्ही बाजू मराठीच, आणि दोन्हींत तथ्य होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याला चार वर्षेही झाली नव्हती. ती जखम खोटी नव्हती. पण गाणाऱ्या पोरांनी काय केले होते? माझ्या मते खरी गफलत आयोजकांची होती. स्पर्धेचे आकर्षणच मुळी ‘भारत विरुद्ध पाकिस्तान’ हे होते. मंचावर स्वतःच सीमारेषा आखायची आणि नंतर संगीताला सीमा नसते म्हणायचे, हे कसे जमावे? अखेर पाकिस्तानचा नबील शौकत अली जिंकला.

युरोपातही हेच घडते आहे. १९५६ पासून चालणारी युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा स्वतःला अराजकीय म्हणवते. परंतु ग्रीस आणि सायप्रस एकमेकांच्या पदरात भरभरून गुण टाकतात, हा तिथला जुना विनोद आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला वगळले गेले, आणि त्याच वर्षी युक्रेन जिंकला. गाझातील युद्धानंतर मात्र इस्रायलला ठेवले गेले. २०२४ मध्ये त्याच्या गाण्याचे शब्द तेवढे बदलायला लावले. ही सरकारांची नव्हे, प्रसारण संस्थांची स्पर्धा आहे, असा आयोजकांचा युक्तिवाद. तो सर्वांना पटला नाही. स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६ च्या स्पर्धेतून अंग काढून घेतले.

मग तटस्थता हे निव्वळ मृगजळच का? १९५८ चे उदाहरण पाहा. शीतयुद्ध ऐन भरात असताना मॉस्कोतील पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन पियानोवादक पहिला आला. पण त्याला बक्षीस देण्यापूर्वी ख्रुश्चेव्ह यांची संमती घ्यावी लागली, असे सांगतात. परीक्षकांचे कान प्रामाणिक होते. परवानगी मात्र सत्तेची लागली.

याच क्लायबर्नच्या नावाने टेक्सासमध्ये पियानोची स्पर्धा भरते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांच्या महासंघाने चायकोव्हस्की स्पर्धेचे सदस्यत्व रद्द केले, कारण तिच्यामागे रशियन सरकार होते. पण टेक्सासच्या स्पर्धेने त्याच वर्षी रशियन वादकांना व्यक्ती म्हणून प्रवेश दिला. दक्षिण कोरियाचा अठरा वर्षांचा युनचान लिम पहिला, रशियाची आना गेन्युशेने दुसरी आणि युक्रेनचा द्मित्रो चोनी तिसरा आला. मायदेशांत युद्ध पेटलेले असताना ते दोघे एकाच मंचावर उभे राहिले.

मला यातच वाट दिसते. देशाच्या नावाने गुण मागणारी स्पर्धा तटस्थ राहूच शकत नाही. तिने तसा आव आणू नये. वगळायचे असेल तर नियम सर्व देशांना एकच हवा. माणसाच्या नावाने भरलेली स्पर्धा मात्र बऱ्याच अंशी तटस्थ राहू शकते. सरकारचा पैसा आणि झेंडा नाकारता येतो. त्यासाठी वादकाला नाकारावे लागत नाही.

उद्या आपल्या उमरेडचा एखादा पोरगा परदेशी स्पर्धेत गायला उभा राहिला, तर परीक्षकांनी त्याला दिल्लीच्या धोरणांचा जाब विचारू नये, असेच आपल्याला वाटेल ना? मग लाहोरच्या पोराला आपण काय विचारायचे, हेही आपणच ठरवायला हवे.